खत घालूनही दरवर्षी रोपं मरतात: बांधकामाच्या जागेवरची माती कशी तपासायची आणि कशी सावरायची

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. जागा म्हणजे इमारतीच्या कडेची पट्टी, अंगणाचा कोपरा नाहीतर रस्त्यालगतचा वाफा. रोप लावलं की पहिले दोन-तीन महिने छान जातात. मग नवी पानं पिवळी पडू लागतात, वाढ खुंटते, पावसात बुंध्याशी पाणी साचतं आणि ऊन तापलं की तीच जमीन विटेसारखी कडक होते. आपण खत घालतो. थोडी हिरवाई येते आणि पुन्हा तेच. वर्षभरात रोप जातं, आपण त्याच खड्ड्यात दुसरं लावतो.

मी हे चार वर्षं केलं. आमच्या इमारतीमागे साधारण १२ चौरस मीटरची पट्टी आहे, तिथे मी दरवर्षी जास्वंदीची कुंपणओळ लावत होते. कधी रोपवाटिकेला दोष दिला, कधी पाण्याला, कधी उन्हाला. चौथ्या वर्षी एक मेलेलं रोप उपटून पाहिलं तेव्हा खरं कारण हातात आलं. मुळांचा गोळा अगदी प्लास्टिकच्या पिशवीच्या आकाराचा होता. पिशवी काढून लावून दहा महिने झाले होते, तरी एकही मूळ खड्ड्याबाहेर गेलं नव्हतं. खालच्या बाजूची मुळं ताटासारखी चपटी होऊन गोल फिरली होती. रोप जमिनीत नव्हतंच, जमिनीत खणलेल्या कुंडीत होतं. मी वरून ओतलेलं सगळं खतही त्या कुंडीतच.

म्हणून सगळ्यात आधी एक विनंती. पुढचं रोप किंवा खताची पुढची पिशवी आणण्याआधी मेलेलं रोप उपटून त्याची मुळं बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मं निदान तिथेच होतं.

बांधकाम होताना जमिनीचं काय होतं

चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग ही मोकळी जागा असते. त्यात अर्धं पाणी, अर्धी हवा. उरलेल्या निम्म्यात खनिज कण आणि सुमारे ५ टक्के सेंद्रिय अंश. ही मोकळी जागा आपोआप झालेली नसते. मुळं, गांडुळं, मुंग्या, बुरशीचे धागे यांनी कण एकमेकांना चिकटवून, पोखरून, पुन्हा चिकटवून ती घडवलेली असते. वरच्या काही सेंटिमीटरांचा काळसर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

बांधकाम सुरू होताना सगळ्यात आधी हाच थर खरवडून काढतात. तो ढिगात पडून राहतो, विकला जातो किंवा खालच्या निर्जीव मातीत मिसळला जातो. मग पायाच्या खोदाईतून निघालेली खालची माती वर पसरते. त्यावर मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, फरशीचे कपचे यांचा भराव येतो. त्यावरून ट्रक आणि यंत्रं फिरतात, शेवटी रोलर फिरवून जमीन मुद्दाम दाबली जाते, कारण इमारतीला आणि वाटेला न खचणारी जमीन लागते. इमारतीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. झाडाला मात्र नेमकी उलटी जमीन लागते. सगळं आटोपल्यावर अर्धा वीत लाल किंवा काळी माती पसरून त्याला बाग म्हणतात.

अशी माती इतकी सर्वत्र झाली आहे की मृदाशास्त्रज्ञांना तिच्यासाठी वेगळा गट करावा लागला. २००६ साली जागतिक मृदा वर्गीकरणात ‘टेक्नोसोल’ हा गट आला. वरच्या एक मीटरमध्ये एकूण घनफळाच्या २० टक्के किंवा जास्त भाग माणसाने बनवलेल्या वस्तूंचा असेल, तर ती माती या गटात बसते. मला हे नाव कळलं तेव्हा बरं वाटलं. आपल्याकडून काही चुकत नव्हतं, आपण शेताचे नियम शेत नसलेल्या जमिनीला लावत होतो.

बांधकाम संपलं तरी शहर थांबत नाही. आजूबाजूला फरशी आणि डांबर असल्याने पावसाचं पाणी जमिनीत जाण्याऐवजी गटारात जातं. मुळांच्या भागात हवेची देवाणघेवाण मंदावते. तापलेल्या फरशीलगतची माती मोकळ्या रानातल्या मातीपेक्षा जास्त तापते. आणि एक गोष्ट आपण रोज डोळ्यांदेखत करतो. झाडाची पडलेली पानं झाडून काढतो. रानातलं झाड जमिनीतून जे घेतं त्यातलं बरंचसं पानांतून परत देतं. शहरात ते परत येत नाही. दर वर्षी थोडं पोटॅश, थोडं कॅल्शियम, थोडं नत्र आणि मुख्य म्हणजे गांडुळांचं अन्न आपण पोत्यात भरून बाहेर पाठवतो. मग तीच भरपाई दुसऱ्या पोत्यातून विकत आणतो. माझ्या मते शहरी मातीची सुपीकता जाण्याचं सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हेच आहे.

तपासणी: आधी पहार, मग पाणी, मग चुना

तपासणी वाफशावर करा. म्हणजे माती ओली आहे पण मुठीत दाबून सोडली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो, अशी अवस्था. कोरडी माती नेहमीच कडक लागते आणि चिखल नेहमीच मऊ. दोन्हीवरून काही कळत नाही.

जाड स्क्रूड्रायव्हर किंवा लोखंडी सळई हाताने दाबत आत घाला. १५ सेंमीपर्यंत सहज गेली तर बरं. मध्येच अडली तर चार-पाच ठिकाणी बघा. एखाद्या ठिकाणी दगड असतो. सगळीकडे सारख्याच खोलीवर अडली तर तो दाबलेला थर आहे. आमच्याकडे खड्डा घ्यायला आलेल्या माळीकाकांनी पहार मारली, वीतभर आत गेल्यावर ती ठण्ण वाजून परत उसळली. काका म्हणाले, “ताई, इथं खाली माती नाही, रस्ता हाय.” चार वर्षांचं कोडं त्यांनी एका वाक्यात सोडवलं.

आकडा हवा असेल तर घरीच काढता येतो. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, पाणी भरून त्याचं माप काढा, मग तळही कापून टाका. वरचा सैल थर बाजूला करून डबा वाफशावरच्या जमिनीत ठोका, बाजूची माती काढून अलगद उचला, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. आतली माती पूर्ण वाळवून तिचं वजन करा. ग्रॅमना मिलीलिटरने भागलं की घनता मिळते. माझा डबा ४०० मिलीचा, वाळलेली माती ६७६ ग्रॅम, म्हणजे घनता १.६९. सुपीक बागेतल्या मातीची घनता १.१ ते १.३ च्या दरम्यान असते. चिकण मातीत ती १.४५ च्या वर गेली की मुळांना वाट काढणं अवघड होतं, वाळूसर मातीत साधारण १.७५ च्या वर. १.६९ म्हणजे मोकळी जागा निम्म्यावरून ३६ टक्क्यांवर आलेली, आणि जी उरली ती मुख्यतः बारीक छिद्रांची, ज्यात पाणी अडकतं आणि हवा शिरत नाही. डब्यात दगड आला तर आकडा फुगतो, तेव्हा दगड नसलेली जागा निवडा.

आता पाणी. ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या. मग दुसऱ्यांदा भरून पट्टीने मोजा. पहिल्या वेळचं मोजमाप फसवं असतं, कारण कोरडी माती आधी स्वतःची तहान भागवते. दुसऱ्या वेळी तासाला अडीच ते साडेसात सेंमी पाणी उतरलं तर निचरा ठीक आहे. त्याहून कमी असेल तर पावसाळ्यात मुळं गुदमरणार. माझ्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी होतं.

खड्डा घेतलाच आहे तर त्याच्या भिंतीकडे निरखून बघा. रंग कुठे बदलतो? काळसर थर किती जाड आहे? खाली राखाडी-निळसर छटा असेल आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे हवा पोचत नाही हे नक्की. निरोगी मातीचा तो पहिल्या पावसाचा वास जमिनीतल्या सूक्ष्मजीवांमुळे येतो. हातात घेतलेल्या ढेकळाला कसलाच वास नसेल तर त्यात फारसं काही जगत नाही.

शेवटी चुना. खड्ड्यातली मूठभर कोरडी माती वाटीत घ्या आणि वर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. काही भागांत जमीन मुळातच चुनखडीची असते, त्यामुळे तुलनेसाठी जवळच्या न खणलेल्या जागेतली मातीही तपासा. तिथे शांत आणि तुमच्या वाफ्यात फेस, असं असेल तर तो सिमेंट-गिलाव्याच्या राड्यारोड्याचा चुना आहे. काँक्रीट आणि गिलाव्यातून पावसाबरोबर चुना झिरपतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा खडूसारखा कार्बोनेट बनतो आणि मातीचा पीएच (आम्ल-विम्लपणाचा आकडा; ७ म्हणजे मध्यम, खाली आम्ल, वर विम्ल) ८ च्या वर जाऊन तिथेच ठाण मांडतो.

पानं काय सांगतात

नवी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह भरपूर असतं, पण पीएच साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकट पडत असतील तर नत्र कमी आहे. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर पाणी कमी नाही, हवा कमी आहे. अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. पानांच्या कडा करपत असतील आणि वाळलेल्या मातीवर पांढरी भुकटी दिसत असेल तर क्षार साठलेत. ते बहुधा जड पाण्यातून, सांडपाण्यातून, अति खतातून आलेले असतात, आणि थंड प्रदेशात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठातून.

लोहाची आणि नत्राची कमतरता गोंधळून टाकते. दोन्हीकडे पिवळेपणाच दिसतो, आणि आपण सवयीने युरिया टाकतो. चुन्याच्या मातीत वरवर पसरलेला युरिया बऱ्याच प्रमाणात अमोनिया होऊन हवेत उडतो. स्फुरदही चुन्याशी बांधला जातो. आणि त्यावर आणखी स्फुरद टाकत राहिलो तर लोह आणि जस्त घेण्यात अडथळा वाढतो. खत घालूनही सुधारत नाही याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो: अन्न ताटात आहे, पण तोंडापर्यंत पोचत नाही.

दाबलेली जमीन कशी मोकळी करायची

आधी मी केलेली चूक सांगते, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. तिसऱ्या वर्षी मी कडक जमिनीवर सरळ १५ सेंमी छान काळी माती पसरली. दिसायला सुंदर. पण पोकळ मातीखाली एकदम घट्ट थर आला की पाणी त्या सांध्यावर अडतं. वरचा थर आधी पूर्ण चिंब होतो, तरी खाली काही उतरत नाही. जोराच्या पावसात माझी मुळं त्या उसन्या मातीतच कुजली. वर माती टाकायची असेल तर आधी खालचा थर फोडायलाच हवा, आणि दोन्ही थर सांध्यावर एकमेकांत मिसळायला हवेत.

दुसरी सार्वत्रिक चूक वाळूची. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होत नाही. वाळूच्या कणांमधल्या जागा चिकण माती भरून काढते आणि वाळल्यावर सगळं आणखी घट्ट बसतं. फरक पडायला वाळू निम्म्याहून जास्त लागते, म्हणजे माती बदलल्यासारखंच.

उपयोगी पडते ती पद्धत शारीरिक कष्टाची आहे. तिचा पाया असा: खोलवर फोडायचं आणि फोडताना फटींमध्ये कुजलेलं सेंद्रिय खत जाऊ द्यायचं, म्हणजे त्या फटी पुन्हा मिटत नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शहरी झाडांसाठी विकसित झालेल्या पद्धतीत १० सेंमी जाड कंपोस्टचा थर पसरतात, खोदयंत्राच्या बकेटने ६० सेंमी खोलपर्यंतची माती उचलून सोडतात, मग वर चांगल्या मातीचा थर देऊन झाडं लावतात. महत्त्वाचं म्हणजे मातीचा भुगा करायचा नाही. मुठीएवढी ढेकळं राहू द्यायची. कंपोस्ट त्या ढेकळांच्या मधून खाली उतरतं आणि मुळं त्याच वाटेने जातात.

माझ्या १२ चौरस मीटरला १० सेंमीच्या हिशेबाने १.२ घनमीटर कंपोस्ट लागलं. यंत्र आत येत नव्हतं, म्हणून माळीकाका आणि मी पहार-टिकावाने ४५ सेंमीपर्यंत गेलो. नऊ दिवस लागले. निघालेला राडारोडा बाजूला केला, पण प्रत्येक खडा वेचत बसलो नाही. विटांचे तुकडे फारसं नुकसान करत नाहीत, उलट थोडं पाणी धरून ठेवतात. गिलावा आणि काँक्रीटचे तुकडे मात्र वेचून काढा, पुढचा चुना तिथूनच येतो. खोदण्याआधी वीज, पाणी आणि गॅसच्या वाहिन्या कुठून गेल्यात ते विचारून घ्या. इमारतीच्या भिंतीला आणि पायाला लागून खोल खणू नका, तेवढी पट्टी सोडूनच द्या.

ओल्या मातीत हे काम करू नका. चिकण माती ओली असताना कुदळ मारली की कापलेला भाग चकचकीत होतो, लिंपल्यासारखा. तो वाळला की मुळांसाठी भिंतच.

जिथे आधीपासून मोठं झाड उभं आहे तिथे असं खोदायचं नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपासच असतात आणि आपण तीच तोडून बसू. अशा झाडाखाली ५ ते १० सेंमी जाड पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. बाकीचं काम गांडुळांवर सोपवा. वेळ लागतो, दोन-तीन वर्षंही लागतात, पण झाड जिवंत राहतं.

चुन्याशी किती भांडायचं

पीएच कमी करायला गंधक टाका हा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशेब करून बघा. एक चौरस मीटर जागेतल्या वरच्या २० सेंमी थरात साधारण २६० किलो माती असते. तिच्यात १ टक्का मोकळा चुना असेल तर तो झाला २.६ किलो. तेवढा संपवायला सुमारे ८०० ग्रॅम गंधक लागतं. माझ्या मातीच्या अहवालात चुना ६ टक्के निघाला, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ५ किलो गंधक, आणि ते जिवाणूंनी आम्लात बदलेपर्यंत कित्येक महिने. तोवर उरलेल्या गिलाव्यातून नवा चुना येतच राहणार. व्हिनेगरने जोरात फसफसणाऱ्या मातीत गंधकाचा नाद सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फेस येत नसेल आणि पीएच थोडाच जास्त असेल तर मात्र गंधक काम करतं.

त्यापेक्षा तीन गोष्टी करा. गिलाव्याचे तुकडे वेचा. सेंद्रिय खत वाढवा, कारण ते कुजताना मुळांच्या जवळपास लोह विरघळलेलं राहतं. आणि चुना सोसणारी झाडं निवडा. एखादं आवडतं झाड फारच पिवळं पडलं असेल तर चिलेट स्वरूपातलं लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, द्या, पण पाकिटावरचं नाव वाचून. ईडीटीए प्रकार साडेसहाच्या वरच्या पीएचला तग धरत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतो, ईडीडीएचए ९ पर्यंत टिकतो. चुन्याच्या मातीत पहिला प्रकार जमिनीत टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पानांवर फेरस सल्फेटची फवारणी (लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी) चटकन परिणाम दाखवते, पण फवारलेल्या पानांपुरतीच. पुढची पानं पुन्हा पिवळी येतात. शिवाय भिंतीवर आणि फरशीवर तांबडे डाग पडतात, तेवढं सांभाळा.

जिप्समबद्दल एवढंच: माती सोडियमने चोपण (ओली असताना चिकट, वाळल्यावर टणक) झाली असेल तर ते उपयोगी आहे, जसं की वर्षानुवर्षं कपडे धुतल्याचं पाणी सोडलेल्या जागेत. चुन्याने भरलेल्या साध्या मातीत कॅल्शियम आधीच भरपूर असतं, तिथे जिप्समने काही साधत नाही. क्षार साठले असतील तर आधी निचरा सुधारा आणि मग भरपूर साधं पाणी देऊन ते खाली ढकला. निचरा नसताना पाणी दिलं तर क्षार परत वर येतात.

भाजी लावण्याआधी शिशाची तपासणी

हा भाग कृपया वगळू नका, विशेषतः लहान मुलं त्या मातीत खेळत असतील तर. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं जात होतं, आणि वाहनांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश २०२१ मध्ये थांबला. जुन्या रंगांतही शिसं असायचं. धूर थांबला, रंग बदलला, पण शिसं कुजत नाही आणि धुऊनही फारसं जात नाही. ते वरच्या काही सेंटिमीटरांत मातीला चिकटून राहतं. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत जिथे रंगाचे पोपडे पडतात तिथे, आणि वर्दळीच्या जुन्या रस्त्याकडेला ते सगळ्यात जास्त सापडतं.

दिसून, वासाने किंवा चवीने ते कळत नाही. माती प्रयोगशाळेतच द्यावी लागते, आणि ‘जड धातू’ अशी तपासणी वेगळी मागावी लागते, कारण नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाश अहवालात ती नसते. नमुना घेताना दहा-बारा ठिकाणची १५ सेंमीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो द्या. भिंतीलगतचा नमुना वेगळा ठेवा. मुलांच्या खेळण्याच्या जागेसाठी फक्त वरची २ ते ५ सेंमी माती घ्या. सामान्य जमिनीत शिसं साधारण १० ते ५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीसाठी पुढची चौकशी सुरू करण्याची पातळी जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० पीपीएमवर आणली.

आकडा जास्त आला तरी घाबरून माती उकरत बसू नका, उकरल्याने धूळ उडते. धोका झाडापेक्षा धुळीचा आणि मुलांच्या तोंडात जाणाऱ्या हातांचा जास्त आहे. उघडी माती हिरवळीने किंवा आच्छादनाने झाका. भाजी उंच वाफ्यात बाहेरून आणलेल्या तपासलेल्या मातीत लावा, तळाला कापड अंथरून. कंदमुळं आणि पालेभाज्यांत शिशाचा धोका जास्त, टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांत सगळ्यात कमी. इथे चुना आपल्या बाजूने असतो. आम्ल मातीत शिसं मोकळं होतं, म्हणून शिसं असलेल्या मातीत गंधक अजिबात टाकू नका.

सुधारलं, आणि दुसऱ्या वर्षी परत बिघडलं तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझ्या अनुभवात कारणं तीनच असतात.

पहिलं, पाऊलवाट. मोकळी केलेली जमीन दाबली जायला वर्षं लागत नाहीत. बहुतेक दाब पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बसतो, आणि माती ओली असेल तर फारच लवकर. रंगकाम करणाऱ्यांनी शिडी लावली, कुणी दुचाकी टेकवली, तेवढंही पुरतं. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात टाकी साफ करायला आलेल्या माणसांनी वाफ्यातून ये-जा केली आणि पट्टीचा एक कोपरा पुन्हा जसाच्या तसा झाला. आता वाफ्यात चार सपाट दगड टाकलेत, पाय फक्त त्यांवर. काम करायला येणाऱ्यांना आधीच सांगते.

दुसरं, कंपोस्ट संपणं. ते मातीत कायमचं राहत नाही, सूक्ष्मजीव ते खातात. उष्ण हवेत फार वेगाने खातात. पहिल्या वर्षी जमीन वीतभर वर आलेली दिसते आणि दुसऱ्या वर्षी खाली बसते, ती यामुळेच. पुन्हा खोल खणू नका, त्याने नुकती बनलेली घडण मोडते. दर वर्षी वरून दोन-तीन सेंमी कंपोस्ट पसरा आणि झाडाची पानं झाडाखालीच राहू द्या. स्वच्छतेच्या सवयीमुळे पानांचा ढीग खटकत असेल तर ती बारीक करून पसरा, कडेला विटांची रांग लावा, नीटनेटकं दिसतं. लाकडाचा भुसा किंवा ताज्या फांद्यांचे तुकडे मात्र वरच ठेवा. मातीत मिसळले तर कुजताना तेच नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. मोकळ्या जागी एखादा हंगाम ताग पेरून फुलोऱ्यावर कापून तिथेच अंथरला तर त्याच्या मुळांच्या वाटा पुढच्या झाडाला मिळतात.

तिसरं, पाणी. जड, चुनायुक्त पाणी रोज घातलं तर पीएच हळूहळू पुन्हा चढतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर या वाफ्यासाठी राखून ठेवा. नाही आलं तर निदान थोडं-थोडं रोज देण्याऐवजी खोलवर आणि अंतराने द्या, म्हणजे क्षार वरच्या थरात साचत नाहीत.

माझ्या पट्टीत या सगळ्याला दोन वर्षं झाली. त्याच डब्याने, त्याच वाफशावर मोजलेली घनता आता १.३४ आहे. पीएच अजून ७.९ आहे आणि बहुधा तसाच राहील, म्हणून जास्वंदीचा हट्ट सोडून मी कण्हेर आणि बोगनवेल लावली. परवा आच्छादन बाजूला सारून सळई घातली तर ती मनगटापर्यंत गेली, आणि उपसलेल्या ढेकळातून एक गांडूळ अर्धं बाहेर आलं होतं. ढेकूळ होतं तसं परत ठेवून वर पानं सारली. ज्या कोपऱ्यात टाकी साफ करणारे चालले होते तिथे सळई अजूनही चार बोटांवर अडते. या वाफशावर तो कोपरा फोडायचा आहे.